लुईसची हार्वीज ब्रूअरी : १९५७ पासून जपलेलं विरजण

नदीकाठ

इंग्लंडमध्ये आलेल्या जवळजवळ प्रत्येक मराठी माणसाकडून मी एक वाक्य ऐकलंय : "इथली बिअर कोमट आणि सपक असते." नऊ वर्षांपूर्वी मीही हेच म्हणायचे. ब्राइटनजवळच्या फामरच्या विद्यापीठात शिकत असताना शनिवार-रविवार एका पबात काम धरलं, पहिल्याच आठवड्यात तळघरात उतरावं लागलं, आणि तिथे जे पाहिलं त्याने माझं मत पार बदललं. त्या बिअरबद्दल आणि ती जिथे होते त्या ब्रूअरीबद्दल कधीतरी नीट लिहायचं होतं. लांबेल, पण वाचा.

ईस्ट ससेक्समध्ये लुईस नावाचं लहानसं गाव आहे. ब्राइटनहून रेल्वेने पाव तास. चारी बाजूंनी साउथ डाउन्सच्या खडूच्या टेकड्या आणि मधून वाहणारी ऊझ नदी. नदीवरच्या जुन्या पुलाला लागूनच हार्वीज ब्रूअरी आहे. जॉन हार्वीने १७९० मध्ये सुरू केलेला हा धंदा आजही घराण्याच्याच हातात आहे. स्वतःचे चाळीस-पन्नास पब, बाकीची विक्री आसपासच्या पट्ट्यात. आत्ताची इमारत १८८१ ची. विल्यम ब्रॅडफर्ड या ब्रूअरीच बांधणाऱ्या वास्तुकाराने ती उभी केली. लाल विटा, टोकदार मनोरा, वरून निघणारी वाफ. गावातले लोक तिला 'लुईस कॅथीड्रल' म्हणतात.

मनोरा शोभेसाठी नाही. त्या काळी पंप महाग आणि बेभरवशाचे, म्हणून धान्य एकदाच वर चढवायचं आणि पुढचं सगळं काम उतारावर सोडून द्यायचं. वरच्या मजल्यावर माल्ट भरडतात. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले, भाजलेले सातू. आपण नाचणीचं सत्त्व करताना मोड आणतो ना, तोच विचार : मोड आले की धान्यातल्या पिठाची साखर करणारी द्रव्यं जागी होतात. ही भरड साधारण ६५-६६ अंशांच्या पाण्यात तासभर मुरते, खाली गोड पाणी उतरतं. त्याला वर्ट म्हणतात. ते तांब्याच्या मोठ्या भांड्यात हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं) घालून उकळतात, थंड करतात आणि मग यीस्ट.

पाणी ब्रूअरीच्या आवारातल्याच विहिरीचं. टेकड्यांवर पडलेला पाऊस खडूच्या थरांतून वर्षानुवर्षं झिरपत तिथे पोचतो. गंमत म्हणजे ब्रूअरीत कोणी 'वॉटर' म्हणत नाही, पाण्याला 'लिकर' म्हणतात. वॉटर म्हणजे फरशी धुवायचं.

त्यांची मुख्य बिअर ससेक्स बेस्ट बिटर, ४ टक्के. पहिल्यांदा केली १९५५ मध्ये, आणि आज त्यांच्या उत्पादनातला फार मोठा वाटा हिचाच आहे. फिक्या माल्टबरोबर थोडं क्रिस्टल माल्ट, आणि हॉप्स चार जातींचे : फगल, गोल्डिंग, प्रोग्रेस, ब्रॅम्लिंग क्रॉस. रंग पाणी घातलेल्या काकवीसारखा. पहिल्या घोटाला बिस्किटासारखी चव लागते आणि गोडामागून कडू येतं, मेथीच्या लाडवात येतं तसं. त्या कडूची एकदा सवय झाली की पिवळी थंडगार बिअर पाण्यासारखी लागायला लागते. निदान माझं तरी तसं झालं.

आता शीर्षकातलं विरजण. १९५७ मध्ये हार्वीजने यॉर्कशायरमधल्या टॅडकॅस्टरच्या जॉन स्मिथ्स ब्रूअरीकडून यीस्ट आणलं. तेच यीस्ट आजतागायत चालू आहे. आंबवण्याची भांडी वरून उघडी असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर पिवळट, जाड, दुलईसारखा फेस येतो. तो फेस म्हणजेच यीस्ट. तो काढून घ्यायचा, थंड ठेवायचा, पुढच्या घाण्याला लावायचा. आठवड्यामागून आठवडा. माझ्या आजीच्या घरी दह्याचं विरजण असंच चालायचं. गावाला जायचं झालं तर शेजारी वाटीभर ठेवून जायची. हार्वीजच्या यीस्टला इतक्या वर्षांत या पाण्याची, या भांड्यांची सवय झाली आहे. तीच पाककृती दुसरीकडे नेऊन केली तर ही चव येणार नाही, हे मला अगदी पटलंय.

आणि हे यीस्ट बिअर पबात पोचली तरी जिवंतच असतं. 'कोमट आणि सपक' या तक्रारीचं उत्तर इथेच आहे. ते पुढच्या प्रतिसादात लिहिते, बाळ उठलं.

मिरजकर

वाचतोय. सत्त्वाची तुलना वाचून एकदम उजेड पडला. लवकर पुढे लिहा.

कडेकपारी

मस्त धागा. बर्मिंगहॅमला दोन वर्षं होतो, एकदाही एल, म्हणजे ही इंग्लिश पद्धतीची बिअर, मागवली नाही. आता पश्चात्ताप होतोय.

नदीकाठ

हं, तळघर.

लागर (ती पिवळी थंडगार बिअर) किंवा केगमधली, म्हणजे धातूच्या बंद पिंपातली, बिअर कारखान्यातच गाळून, बहुतेक वेळा पाश्चराइझ करून, कार्बन डायऑक्साइडच्या दाबाखाली भरतात. कारखान्यातून निघतानाच ती पूर्ण झालेली असते, पबाने फक्त नळ फिरवायचा. कास्क एल, म्हणजे पीपातली एल, तशी नसते. ती पीपात भरतात तेव्हा आत थोडी साखर आणि थोडं यीस्ट शिल्लक असतं. आंबणं पबाच्या तळघरात पूर्ण होतं. म्हणजे अर्धी बिअर ब्रूअर करतो, अर्धी तळघर सांभाळणारा.

आमच्या पबाची मालकीण साठीची होती. तिने मला पहिल्या दिवशी फर्किन दाखवलं. फर्किन म्हणजे ९ गॅलनचं पीप, ७२ पिंट, सुमारे ४१ लिटर. ते आडवं मांडायचं, दोन्ही बाजूंना लाकडी पाचर लावायची. नंतर हलवायचं नाही, खाली गाळ बसायचा असतो. वरच्या बुचात मऊ लाकडाची एक खुंटी ठोकायची. त्या लाकडाच्या रेषांमधून वायू हळूहळू बाहेर येतो. खुंटीच्या टोकाशी फेस फसफसत राहतो, बुडबुडे येतात, तिथे कान लावला तर बारीक खसखस ऐकू येते. दिवसभराने फसफस मंदावली की मऊ खुंटी काढून कडक लाकडाची बसवायची, आता उरलेला वायू आतच राहिला पाहिजे. मग पुढच्या बाजूला तोटी ठोकायची. लाकडी हातोडा, एकच घाव, सरळ. मी पहिल्यांदा बिचकत मारला, तोटी अर्धीच बसली आणि बिअर माझ्या अंगावर आणि भिंतीवर उडाली. तिने काही न बोलता हातोडा घेतला, तोटी बसवली, मला फडकं दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मलाच उभं केलं.

तळघराचं तापमान ११ ते १३ अंश. ही बिअर कोमट नाही, फ्रिजमधल्यासारखी बर्फगार नाही इतकंच. ३-४ अंशांना जीभ बधिर होते, माल्टचा वास येतच नाही. आणि सपक म्हणाल तर यीस्टने स्वतः केलेला मऊ वायू आहे तिच्यात, बाहेरून भरलेला नाही. हँडपंपाचा दांडा ओढला की तळघरातून बिअर वर येते, दांड्याला वजन जाणवतं. तोटी बसवल्यावर आत हवा शिरते, म्हणून पीप साधारण तीन दिवसांत संपवावं लागतं. चौथ्या-पाचव्या दिवशी ती खरंच सपक आणि आंबूस होते. ज्यांना ती वाईट लागली त्यांना बहुतेक अशीच शिळी मिळाली असणार. दोष बिअरचा नव्हता. असा ग्लास आला तर परत करा, चांगला पब लगेच बदलून देतो.

लीड्सचा_दत्ता

नदीकाठताई, सगळं पटलं, एक सोडून. तुमच्याकडे दक्षिणेत हँडपंपाच्या तोंडाला स्पार्कलर लावत नाहीत. बारीक भोकांची ती छोटी टोपी लावली की बिअर घुसळून निघते आणि वर दाट साय धरते. आमच्याकडे साय नसलेला पिंट कोणी हातात धरणार नाही. कीघलीच्या टिमथी टेलरची लँडलॉर्ड इथे येऊन प्या एकदा. १८५८ पासूनची ब्रूअरी, तीही घरचीच, आणि पाणी नोल स्प्रिंगचं. त्यावरची साय शेवटच्या घोटापर्यंत काचेला चिकटून राहते.

आणि तुमचं ते विरजण मुळात आमच्या यॉर्कशायरचं, हे तुम्हीच लिहून ठेवलंत त्याबद्दल आभार.

नदीकाठ

दत्तादादा, लँडलॉर्ड मला फार आवडते, वाद नाही. पण स्पार्कलरने हॉप्सचा कडूपणा फेसात जातो आणि खाली बिअर गुळगुळीत उरते. लँडलॉर्डला ते शोभतं, ससेक्स बेस्टला नाही. तिचं कडू तोंडात राहिलंच पाहिजे. आणि हो, विरजण तुमच्याकडचं. टॅडकॅस्टरचे आभार इथेही मानतात.

पालघरकर

एक प्रश्न आणि थोडी माहिती. ही बिअर तळघरात इतकी नितळ कशी होते? मी ऐकलंय की तिच्यात माशाची पिशवी घालतात. आमच्याकडे घोळ नावाचा मासा मिळतो. त्याच्या पोटातली हवेची पिशवी काढून वाळवतात, कोळी लोक तिला बोत म्हणतात, आणि तिला सोन्याचा भाव आहे. २०२१ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या एका बोटीला दीडशेच्या वर घोळी लागल्या आणि लिलाव कोटीच्या पुढे गेला. लहानपणी विचारलं की मोठी माणसं सांगायची, "ते परदेशात दारू गाळायला नेतात." मला वाटायचं काहीतरी सांगतायत.

नदीकाठ

खरं सांगायचे ते! माशाच्या त्या पिशवीपासून जे करतात त्याला आयझिंग्लास म्हणतात. पूर्वी मुख्यतः स्टर्जन माशाचं असायचं, पुढे उष्ण समुद्रांतल्या माशांचं वापरू लागले. ते शुद्ध कोलॅजन असतं. सौम्य आम्लात विरघळवून पीपात घालतात. त्याच्यावर धन भार असतो, यीस्टच्या पेशींवर ऋण. दोन्ही एकमेकांना चिकटतात, गुठळी होते आणि जड होऊन तळाशी बसते. म्हणून तर पीप हलवायचं नाही.

ते गाळाबरोबर खालीच राहतं, पण शाकाहारी माणसाला हे आधी माहीत असायलाच हवं. मी स्वतः ओळखीच्या शाकाहारी मंडळींना हे सांगितल्याशिवाय ग्लास पुढे करत नाही. आता काही ब्रूअरी बिनमाशाच्या पद्धती वापरतात, काही बिअर न निवळताच थोडी गढूळ देतात. गिनेसनेही अलीकडे आयझिंग्लास बंद केलं. पबात विचारायला संकोच करू नका, रोज कोणी ना कोणी विचारतं.

पालघरकर

धन्यवाद. आईला हे वाचून दाखवतो. तिच्या हातून कितीतरी बोतं वाळली आहेत, कुठे जातात ते तिने कधी पाहिलं नाही.

आजोळ

आयपीए म्हणजे इंडिया पेल एल आपल्याकडे यायची म्हणून नाव पडलं ना? मुंबईत यायची का?

लीड्सचा_दत्ता

यायची. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या पूर्वेला बो इथे हॉजसनची ब्रूअरी होती, ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जिथून सुटायची त्याच्या जवळ. जहाजाचे कप्तान स्वतःच्या व्यापारासाठी तिथून उधारीवर बिअर भरायचे आणि मुंबई, मद्रास, कलकत्त्याला गोऱ्या लोकांना विकायचे. प्रवास चार ते सहा महिन्यांचा, वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडायचं. जास्त हॉप्सची फिकी बिअर त्यात टिकायची, उलट मुरून चांगली व्हायची. ती खास हिंदुस्थानसाठी शोधून काढली हे मात्र खरं नाही. तशी मुरवायची बिअर तिकडे आधीपासून होती, हे नाव पुढे १८३० च्या आसपास रुळलं. नंतर मध्य इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या ब्रूअरांनी हॉजसनचा धंदा आपल्याकडे ओढला, कारण बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर आणि त्याने कडवटपणा स्वच्छ उठतो.

नदीकाठ

दत्तादादांनी पाण्याचं बरोबर सांगितलं. लुईसचं पाणी खडूतलं, बर्टनचं जिप्समचं. पूर्वी गावाच्या पाण्यावरून गावाची बिअर ठरायची.

आता मला सर्वांत प्रिय गोष्ट सांगते. मी इथे येण्याआधीची आहे, पण गावात कोणालाही विचारा, काल घडल्यासारखी सांगतात.

लुईसच्या किल्ल्याखाली एका गल्लीत 'लुईस आर्म्स' नावाचा पब आहे. तो तेव्हा ग्रीन किंग या सफोकमधल्या मोठ्या ब्रूअरीकडे होता. डिसेंबर २००६ मध्ये कंपनीने ठरवलं की इथे हार्वीजची बिअर मिळणार नाही, फक्त आपली विकायची. हार्वीजची ब्रूअरी चालत पाच-सात मिनिटांवर, आणि गावच्या पबात गावची बिअर नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकांनी पबात जाणं बंद केलं. नुसतं बंद नाही, दारापाशी थंडीत पाळीपाळीने उभे राहिले. आत जाणाऱ्याला अडवायचं नाही, फक्त कारण सांगायचं. बहुतेक लोक ऐकून परत फिरायचे. पब ओस पडला. १३३ दिवस हे चाललं. एप्रिल २००७ मध्ये कंपनीने माघार घेतली आणि ससेक्स बेस्ट परत आली.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं की दारापाशी उभ्या राहिलेल्यांत सगळे काही बिअरचे मोठे जाणकार नव्हते. आपल्या गावात केलेली वस्तू आपल्या गावात मिळावी, आणि ते दूरच्या हापिसात बसून कोणी ठरवू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. अशी बिअर टिकते ती अशा गिऱ्हाइकांमुळे. फार लांब न्यायची नाही, फार दिवस ठेवायची नाही, मग जवळच्यांनी ती रोज प्यायलीच पाहिजे. १९७१ मध्ये काम्रा ही ग्राहकांची चळवळ सुरू झाली तीही यासाठीच. तेव्हा मोठ्या कंपन्या लहान ब्रूअरी विकत घेऊन बंद करत होत्या आणि सगळीकडे केगची एकसारखी बिअर येत होती. 'रिअल एल' हा शब्द त्या चळवळीने रुजवला. ती झाली नसती तर हँडपंप आज बहुधा संग्रहालयात दिसले असते.

मिरजकर

१३३ दिवस! अंगावर काटा आला.

चिंतामणी

लुईसचं नाव वाचून थांबलो. 'राइट्स ऑफ मॅन' लिहिणारा टॉमस पेन तिथलाच का?

नदीकाठ

होय. जन्म नॉरफोकमधला, पण १७६८ ते १७७४ तो लुईसमध्ये राहिला. बुल हाउस नावाचं त्याचं घर मुख्य रस्त्यावर अजून उभं आहे. आणि नोकरी कोणती, तर अबकारी खात्यात. पीपांमधली बिअर मोजून कर बसवणारा अधिकारी. संध्याकाळी व्हाइट हार्ट नावाच्या सराईत वादसभा. इथून तो अमेरिकेला गेला. हार्वीजची 'टॉम पेन' नावाची ५.५ टक्क्यांची पेल एल आहे, त्याच्या नावाने.

चिंतामणी

मग या धाग्याला आपल्या बाजूची एक गाठ आहे. पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' जोतीरावांनी १८४७ मध्ये वाचलं, वयाच्या विसाव्या वर्षी. माणूस म्हणून सगळे जन्मतः समान, हा विचार त्यांनी पुढे इथल्या जातिव्यवस्थेला लावला. पुढच्याच वर्षी मुलींची शाळा. लुईसच्या त्या वादसभेत घासलेला माणूस पुण्यात असा पोचला.

पण दुसरी बाजूही लिहितो. १८८० मध्ये जोतीराव पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. शहरात दारूची दुकानं वाढत होती, त्याला त्यांनी लेखी विरोध केला. गरिबांची घरं त्यात बुडत होती हे ते डोळ्यांनी पाहत होते. पेनच्या नावाची बाटली त्यांच्यासमोर ठेवली असती तर त्यांना ती रुचली नसती.

अबोली

चिंतामणीकाका, बरं झालं तुम्ही लिहिलंत. दोन दिवस हा धागा वाचतेय आणि काही लिहावं की नाही कळत नव्हतं. माझे वडील दारूने गेले. आई शिवणकाम करून आम्हाला शिकवत होती आणि पगाराच्या दिवशी आम्ही तिघी दाराकडे बघत बसायचो. त्यामुळे दारूबद्दल कोणी प्रेमाने लिहिलं की माझ्या पोटात ढवळतं. नदीकाठ, तुम्ही वाईट लिहिलंय असं नाही. यीस्टचं आणि तळघराचं वाचताना मी रमलेही. पण हेही इथे असू द्या.

नदीकाठ

अबोली, असू द्याच. तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार, आणि तुमच्या आईला नमस्कार.

तुमचं खोडून काढण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पबात काम करताना मीही दोन-तीन माणसं पाहिली, दुपारी बाराला दार उघडताच येणारी. मालकीण त्यातल्या एकाला तिसऱ्यानंतर द्यायचीच नाही. त्याला चहा करून द्यायची आणि जवळ बसायची. सगळीकडे असं कोणी नसतं.

वाचणाऱ्यांसाठी एक हिशेब देते. ४ टक्क्यांचा पिंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, त्यात सव्वादोन युनिटच्या थोडं वर अल्कोहोल (एक युनिट म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल). इथलं सरकारी आरोग्य खातं आठवड्याला १४ युनिटच्या वर जाऊ नका म्हणतं, तेही तीन-चार दिवसांत विभागून. म्हणजे आठवड्याला सहा पिंट, बस. हार्वीजची डार्क माइल्ड ३ टक्क्यांची आहे, मी हल्ली तीच घेते.

अबोली

धन्यवाद. वाचत राहीन.

कडेकपारी

काळी बिअर म्हणजे स्टाउट ना? हार्वीज करते का?

नदीकाठ

करते, आणि तिची कथा भारी आहे. १९ व्या शतकात ल कॉक नावाचा व्यापारी लंडनहून रशियन साम्राज्यात दाट काळी स्टाउट पाठवायचा. त्याची बिअर घेऊन निघालेलं ओलिव्हा नावाचं जहाज १८६९ मध्ये बाल्टिक समुद्रात बुडालं. शंभरावर वर्षांनी, १९७४ मध्ये, पाणबुड्यांना तळाशी त्याच्या बाटल्या सापडल्या. कंपनी पुढे एस्टोनियातल्या टार्टूला गेली, तिथली ब्रूअरी आजही त्याच नावाने आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी त्यांच्याशी बोलून हार्वीजने ती स्टाउट पुन्हा केली. 'इम्पीरियल एक्स्ट्रा डबल स्टाउट', ९ टक्के.

बुचाच्या बाटल्यांत भरली, आणि काही महिन्यांनी बुचं आपोआप वर यायला लागली. आत दुसरंच एक रानटी यीस्ट कामाला लागलं होतं, जे हार्वीजच्या नेहमीच्या यीस्टला न पचणारी साखर खात होतं. जुन्या काळच्या मुरलेल्या स्टाउटची आंबट-चामड्यासारखी चव त्यातूनच यायची. मुख्य ब्रूअर माइल्स जेनर यांनी नंतर ते मुरणं मुद्दाम होऊ दिलं, आधी महिनोन्‌महिने टाकीत, मग बाटलीत. त्यांचे वडील अँथनी जेनर हेही इथेच मुख्य ब्रूअर होते. या बिअरचा एक छोटा ग्लास तासभर पुरतो. चव सांगायची तर काळा गूळ, चिंचेचा कोळ आणि कडक कॉफी.

आणि एक राहिलंच. १२ ऑक्टोबर २००० ला ऊझला पूर आला, लुईसचा अर्धा खालचा भाग पाण्यात, ब्रूअरीचं आवार तर तुंबलंच. वीज गेली, तापमान सांभाळणारी यंत्रं बंद. वरच्या मजल्यांवर भांड्यांत बिअर आंबत होती, तिच्यापाशी कोणी जाऊ शकत नव्हतं. पाणी उतरल्यावर पाहिलं तर यीस्टने आपलं काम आपण पुरं केलं होतं. चांगली निघाली! तिला 'ऊझ बूझ' नाव देऊन विकली, पूरग्रस्तांसाठी.

आजोळ

कृष्णेच्या पुरात आमच्या गावची डेअरी अशीच बंद पडली होती. तिथे मात्र काही वाचलं नाही.

मिरजकर

पुढच्या महिन्यात आई-बाबा येतायत. बाबा शेतकरी, बिअर घेत नाहीत. तरी लुईसला न्यावं का?

नदीकाठ

जरूर न्या. लंडन व्हिक्टोरियाहून सरळ गाडी आहे, तासाभराच्या थोडं वर. स्टेशनवरून खाली उतरत ऊझवरच्या, क्लिफ नावाच्या भागाकडे जाणाऱ्या पुलावर या आणि कठड्याशी उभे राहा. ब्रूअरी समोरच दिसते. आतला फेरा हवा असेल तर खूप आधी नोंदवावा लागतो. पुलापलीकडे हार्वीजचं दुकान आहे. ५ नोव्हेंबरच्या आसपास मात्र येऊ नका. त्या रात्री मशालींच्या मिरवणुका असतात, रस्ते बंद, वयस्कर माणसांना ती गर्दी झेपणार नाही.

मिरजकर

काल जाऊन आलो. सांगितल्याप्रमाणे पुलावर उभे राहिलो. वाफ निघत होती. आई म्हणाली देवळासारखं दिसतंय. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "कोणीतरी सातू भाजून शिजवतंय." मी माल्ट, मनोरा, उतारावरून येणारं पाणी, तुमचा सगळा धागा त्यांना सांगितला. त्यांनी एकच विचारलं, "मग उरलेला चोथा काय करतात? गुरांना देतात का?"

मी अर्धा पिंट घेतला, क्लिफमधल्या पबात. मेथीचा लाडू सापडला.

नदीकाठ

काकांना सांगा, अशा ब्रूअरींचा चोथा जवळच्या शेतांवर गुरांनाच जातो. ओला आणि गरम असतानाच उचलावा लागतो, दोन दिवसांत आंबतो. गाई आवडीने खातात.

मिरजकर

सांगितलं. म्हणाले, "दुधाला चांगला असणार."